बंद बेलच्या अकरा रेघा

हे मी रचून सांगत नाही. माझं वय पंचाहत्तर. खोटं बोलून मला आता काय मिळणार? एकदाच बोलले, आणि त्या एका खोट्याचीच ही हकीकत आहे.

मैसूरला हिनकलमध्ये आमचं घर. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. दुपारचे दोन.

भर उजेडात घडलं सगळं.

घरात आम्ही चौघं. माझी थोरली जाऊ अनुसूया, तिला मी अक्का म्हणायची. तिचा मुलगा सुदीप. त्याची मुलगी नव्या. आणि मी. नव्या मला चिक्कज्जी म्हणते, म्हणजे धाकटी आजी.

मी एकाहत्तर साली या घरात आले, तेव्हा अंगणात कापड रंगवायच्या कढया होत्या. रंग उतरला की चढला, हे नखावर थेंब घेऊन कसं ओळखायचं, ते मला अक्कानं शिकवलं.

शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती. गळ्यात दोरीला बिनतारी बेलचं, सेलवर चालणारं बटण. दाबलं की स्वयंपाकघरात विजेवरची घंटी वाजायची. दिवसातून चाळीस वेळा वाजायची. पाणी हवं. कूस बदल. पंखा कमी कर. कधी मी धावत गेले तर म्हणायची, "काही नाही गं, सुम्ने, उगीच बोलावलं. बस जरा."

मी कंटाळले होते.

हे लिहिताना हात अडतो... पण कंटाळले होते.

नव्या विश्वाच्या बाळपणाचा अभ्यास करते. मला समजेल असं सांगायची. "चिक्कज्जी, तारे पेटायच्या आधी सगळीकडे नुसता हायड्रोजन होता. त्याच्या रेडिओ लहरी अजून येतात. तेराशे कोटी वर्षं झाली निघून. एकदा निघालेली लहर मध्येच मरत नाही."

"मग आपल्याला कळत का नाही?"

"अय्यो, फार बारीक आहे ती! मोडेम, मोबाइल, फ्रिज, सगळ्यांचा गोंगाट वरून. लग्नाच्या मंटपात वाजंत्री चालू असताना मुंगीची पावलं ऐकायची, तसं."

त्या रविवारी तिला गच्चीवरचा अँटेना तपासायचा होता. यंत्र बॅटरीवर, आणि गोंगाट नको म्हणून तीन तास घराची वीज पूर्ण बंद.

मेन स्विचवर हात ठेवून तिनं विचारलं, "आजीची बेल? तीही वाजणार नाही."

"मी बसते की तिच्याजवळ. उठायची नाही."

"प्रॉमिस?"

"अगं हो! पाच वाजेपर्यंत तुझी आजी माझ्या ताब्यात."

अक्का खाटेवरून म्हणाली, "ही माझी पोरगी, म्हणे मला ताब्यात ठेवणार! पन्नास वर्षं ही माझ्या ताब्यात आहे, विचार तिला."

तिचे मी ऐकलेले शेवटचे शब्द.

वीज गेली. पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली...

सव्वादोनला अक्काचा डोळा लागला.

मी उठले.

मागच्या अंगणात जाऊन सासऱ्यांचे छपाईचे लाकडी ठसे काढले, तेल लावत बसले. घंटी वाजणार नव्हती. किती दिवसांनी अशी दुपार मिळाली होती! मी चक्क गुणगुणत होते.

पाचला वीज आली. मी आत गेले.

अक्काचा हात गार होता.

अंगठा... बटणावर.

साडेपाचला डॉक्टर आले. पाठोपाठ सुदीप रविवारची पाळी सोडून मेटगळ्ळीच्या कारखान्यातून धावत आला. डॉक्टर त्याच्याशी हलक्या आवाजात बोलले. मी भिंतीला टेकून बसले होते. मग तो माझ्याजवळ आला.

"काकू, आईनं बोलावलं होतं का गं?"

"नाही रे. मी जवळच होते. झोपेत गेली."

त्या रात्री मी बटणातला सेल काढून टाकला. बटण ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

दिवसकार्य झाल्यावर नव्यानं लॅपटॉपवर त्या दुपारची नोंद उघडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्या रेघा. एक... मग दोन... मग थोडं थांबून परत.

"त्या दुपारी काहीतरी चालू होतं, चिक्कज्जी. कुणी हातानं बटण दाबल्यासारखं. आजीनं बेल दाबली का?"

मी रेघा मोजल्या. अकरा.

"छे. मी तिथंच होते ना. शेजाऱ्यांच्या गेटचा रिमोट असेल."

तिनं वहीत लिहून ठेवलं, शेजाऱ्यांचं गेट.

मार्चमध्ये ती अँटेना घेऊन येलवालच्या पुढे एका शेतात गेली. जवळपास घर नाही, विजेची तार नाही. संध्याकाळी आली ती पिशवी खांद्यावरून न काढताच उभी राहिली.

"तिथंही आहेत. अकरा. तेवढ्याच अंतरानं..."

मी तिची पिशवी उतरवायला पुढे झाले.

"तिथं गेट नाही, चिक्कज्जी."

तिनं तारा बदलल्या. यंत्राचे भाग बदलले. पुढचे तीन रविवार, अकराच. तिचे सर, नरसिंहमूर्ती, म्हणाले की यंत्रातच दोष आहे, दोन वर्षांचं सगळं काम बाद करावं लागेल. पोरगी जेवेना.

मी ट्रंक उघडली. बटण होतं तिथंच होतं. सेल नव्हता.

पण हातात घेतलं तर... कोमट होतं. आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखं.

त्याच संध्याकाळी मी दोघांना समोर बसवलं. "सुदीप, मी जवळ नव्हते. तुझी आई अकरा वेळा बोलावत होती आणि मी अंगणात गुणगुणत होते. तुला खोटं सांगितलं. या पोरीलाही."

सुदीप नव्याकडे वळला. त्यानं विचारलं, "पहिली रेघ किती वाजता?"

"तीन वीस."

त्याचा चेहरा बदलला. माझा हात धरून म्हणाला, "काकू, डॉक्टर मला म्हणाले होते, अंग ताठत आलंय, जाऊन तीन तास तरी झालेत. म्हणजे अडीचच्या आधीच गेली ती. तुला बोलावलंच नाही तिनं. तू सुटलीस!"

नव्या पडद्याकडेच बघत होती.

"अप्पा... मग तीन वीसला?"



सुटलीस म्हणतात मला. पण जिवंतपणी ती पाण्यासाठी बोलवायची, पंख्यासाठी बोलवायची. गेल्यावर कशासाठी बोलावत होती? तिथं काय होतं? कुणी नव्हतं म्हणून... की कुणी होतं म्हणून?

अकरा वेळा. आणि बोलावलं ते मलाच.

नव्या अजून येलवालला जाते. रेघा येतात का, ती सांगत नाही. मी विचारत नाही.

परवा मात्र चप्पल घालता घालता ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिक्कज्जी, एकदा तू येतेस का माझ्याबरोबर?"