गुणाजी मेस्त्रींचं 'नाही'

"राम कृष्ण हरी, मेस्त्री. बसा निवांत," पडद्यावरचं पान म्हणालं, आणि गुणाजी मेस्त्रींचे हात आपोआप जोडले गेले.

पान होतं एका वेब डेव्हलपरचं. वर तुळशीमाळ, कोपऱ्यात टेकून ठेवलेली वीणा, आणि अक्षरं अशी ठसठशीत की जणू पोथीच उघडली. "आम्ही मोजकंच काम घेतो," पान सांगत होतं, "पण घेतलेलं काम सेवा म्हणून करतो."

"ठरला!" गुणाजी म्हणाले. "हो माणूस देवाचो असा. आपली वेबसाइट ह्याच्याकडसूनच करून घेवया."

त्यांची बायको शेवंती तांदूळ निवडत होती. ती सूप बाजूला ठेवून पडद्यापाशी आली, नवऱ्याला जरा सरकवून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "खय असा वीणा? हय तर एक बाई असा. नीटस, केस बांधलेली. म्हणता, 'ताई, दिलेली तारीख आम्ही मोडत नाही.'"

"माका बुवा दिसतत नि तुका बाई?"

"तुमका सगळीकडे बुवाच दिसतत. भाचीच्या लग्नात फोटो काढणाऱ्याच्या पण पाया पडल्यात."

गुणाजींनी दुसऱ्या डेव्हलपरचं पान उघडलं. तिथे मृदंग. तिसऱ्यावर कीर्तनातला बुक्का. कुडाळपासून पुण्यापर्यंतच्या अकरा डेव्हलपरांची पानं त्यांनी पाहिली आणि अकराही जण त्यांना परम भाविक निघाले. माणूस गोंधळणार नाही तर काय!

त्या काळात सगळीच संकेतस्थळं अशी झाली होती. लोक त्यांना 'मनपान' म्हणत. पडद्याच्या कडेला मोहरीएवढा डोळा असे. समोर बसलेल्याची नजर कुठे रेंगाळते, डोळ्यातली बाहुली किती मोठी होते, श्वास कुठे अडकतो, हे तो डोळा टिपायचा आणि पापणी लवायच्या आत पान त्या माणसाला रुचेल असं बनायचं. रंग, चित्र, आवाज, शब्द, सगळं. दुसरा माणूस समोर आला की पान दुसरं. त्यात खोटं असं काही नसे, पण एक गोष्ट मात्र मनपानाला जमत नसे. समोरच्याला नको असलेलं बोलणं.

आणि गुणाजींचा सगळा धंदा नेमका त्यावरच उभा होता.

ते पेट्या बनवत. हार्मोनियम. कुडाळच्या बाजारामागे त्यांचं दुकान. तिथे आलेल्या गिऱ्हाइकाला आधी गायला लावायची त्यांच्या वडिलांपासूनची रीत. दोन ओळी गा म्हणायचं, डोळे मिटून ऐकायचं, मग बोलायचं. नाजूक गळ्याच्या माणसाने खर्जाच्या भारी सुरांची पेटी घेतली तर पेटीच गाते आणि बुवा नुसतं तोंड हलवतात. म्हणून दहांतल्या सहा जणांना ते सरळ सांगत, "नाही. ही पेटी तुमच्या गळ्याची नव्हे." लोक रुसत, कधी भांडतही, पण वर्षाने परत येऊन नमस्कार करून जात. कीर्तनात चुकीचा सूर उभा राहिला तर ते पाप पेटी बनवणाऱ्याचं, असं गुणाजी मानत.

आता लोक पान पाहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढत नव्हते. सात पेट्या तयार होऊन भिंतीशी उभ्या होत्या. वेबसाइट हवीच होती. पण प्रत्येकाला 'हीच तुमची पेटी' म्हणणारं पान लावलं, तर वडिलांच्या नावाने चुकीच्या पेट्या चुकीच्या गळ्यांना जाणार. डेव्हलपर निवडायचा तो हे समजणारा.

गुणाजींनी आपल्या कामातलीच परीक्षा लावायचं ठरवलं. जो डेव्हलपर आपल्याला 'नाही' म्हणेल, तो आपला.

दुसऱ्या दिवशी ते हा विचार मनात धरून पडद्यासमोर बसले. पहिलं पान म्हणालं, "नाही मेस्त्री, तुमचं काम आमच्याच्याने होणार नाही." गुणाजी आनंदाने उठून उभे राहिले. मग दुसरं पान. "माफ करा, आम्ही तुमच्या योग्य नाही." तिसरं, चौथं... अकराच्या अकरा पानांनी नम्रपणे नकार दिला.

"आता रे देवा," गुणाजी मटकन खाली बसले.

शेवटी ते मालवणला गेले. मनपानामागचं शास्त्र ज्यांनी मांडलं त्यांपैकी एक, डॉक्टर मृदुला पेंडूरकर, तिथे राहत आणि निवडक लोकांसाठी संकेतस्थळं बनवत. गुणाजींची हकीकत ऐकून त्या खो खो हसल्या.

"अहो मेस्त्री, तुम्हाला नकार हवा होता, हे पानांना तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी तो दिला."

"मग त्यातलं खरं पान कुठलं? मूळचं?"

"मूळ नसतंच. कुणी बघत नसेल तेव्हा तिथे काहीच नसतं."

गुणाजी डोकं खाजवू लागले. "बाई, आमचे बुवासुद्धा समोरचे चेहरे बघून आख्यान वळवतात. म्हातारी माणसं जास्त असली की भक्तीवर रेंगाळतात, पोरं चुळबुळली की एखादा विनोद टाकतात. पण ऐकतात सगळे एकच. म्हणून तर टाळी एकदम पडते."

"इथे प्रत्येकाचा बुवा वेगळा," डॉक्टर म्हणाल्या, "आणि शेजारी कुणी बसलेलंच नाही."

"मला जुन्या काळासारखं पान द्या. सगळ्यांना एकच दिसेल असं."

"देते. पण लोक चार सेकंदांत उठून जातील. न बदलणारं पान आता लोकांना पाठ फिरवल्यासारखं वाटतं."

"मग माझं 'नाही' तुमच्या त्या बदलत्या पानात घाला."

"घालता येईल. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता ते महिनाभर ऐकून पान तुमचा नकार शिकेल. पण मेस्त्री, मी तुमच्या जागी असते तर हे केलं नसतं. एकदा पानात गेलेलं 'नाही' तुमचं राहणार नाही."

गुणाजींचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत प्रथमच समोरच्या जिवंत माणसाने नकार दिला होता! "म्हणूनच हे काम तुम्हीच करायचं," ते म्हणाले. दारात मात्र त्यांच्या मनात शंका आली. त्यांनी वळून विचारलं, "बाई, हे तुम्ही मनापासून म्हणालात, की माझा चेहरा बघून?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं हेच काम करतेय," त्या म्हणाल्या. "आता मलाही नीटसं सांगता येत नाही."

पान सुरू झालं आणि दुकानासमोर रांग लागली. सगळं जग ज्यांना हो म्हणत होतं, ती माणसं 'नाही' ऐकायला येऊ लागली. रत्नागिरीहून, बेळगावहून, गोव्याहून. दोन ओळी गायची, नकार घ्यायची, डोळे मिटून मान डोलवायची. एक मुलगी म्हणाली, "काका, अगदी पानावर म्हणता तस्संच म्हणालात! परत एकदा म्हणा ना." आणि पेटी न बघताच हसत निघून गेली.

"आता ह्या काय?" शेवंतीने विचारलं. गुणाजी भिंतीशी जाऊन पेट्या मोजू लागले. सात पेट्यांच्या आता नऊ झाल्या होत्या.

मग एके सकाळी देवगडचे भालचंद्र तायशेटे आले. शाळेत शिक्षक, पन्नाशीचे, गावच्या देवळात कीर्तन करणारे. त्यांनी पहिली ओळ उचलली आणि गुणाजींच्या अंगावर काटा आला. असा भरदार, सरळ आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. भिंतीशी उभी असलेली खर्जाची पेटी जणू याच गळ्याची वाट बघत होती. त्यांनी ती स्वतः उचलून समोर ठेवली.

"गुरुजी, ही तुमची. घेऊन जा."

तायशेटेंचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यात काहीच उणं नाही?"

"तसूभर नाही."

"सगळी पानं मला हेच सांगतात हो," ते थकल्या आवाजात म्हणाले. "बायको सांगते, गाव सांगतं. तुम्ही तरी खरं बोलाल म्हणून इतक्या लांब आलो. तुम्हीही गोडच बोललात." ते उठले, चपला शोधू लागले.

गुणाजींनी शपथ घेतली, विठ्ठलाचं नाव घेतलं, पेटीचा भाता मारून सूर लावून दाखवला. तायशेटे नुसतेच केविलवाणे हसत होते. आवाज निघून चालला होता. कसंही करून त्यांना थांबवायला हवं होतं. ते थांबले, बसले, वाद घालू लागले, तर पुढचं समजावता येईल. आणि त्यांना थांबवणारा एकच शब्द गुणाजींजवळ उरला होता.

"बरं, खरं सांगतो," ते म्हणाले. "नाही. ही पेटी तुमची नव्हे. तुमच्या गळ्यात तेवढं बळ नाही."

तायशेटे थांबले. त्यांचे डोळे भरून आले. पुढे येऊन, गुणाजी मागे सरकायच्या आत, ते वाकून पाया पडले.

"उपकार झाले, मेस्त्री. कधीपासून मनात होतं, पण कुणी बोलत नव्हतं. आता सुटलो." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. "उद्यापासून कीर्तन बंद."

"गुरुजी, अहो गुरुजी, ते खोटं होतं! तुमचा आवाज..."

"कळलं, कळलं," तायशेटे मायेने म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून आता बोलताय." आणि हलक्या पावलांनी ते रांग ओलांडून एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले.

दारातला पुढचा माणूस घसा खाकरून आत आला.