पाच खाचांचा मरळ

भंडारदऱ्याच्या पाण्यात असे मरळ आहेत की एकाच्या जांभईत माझी होडी ओढली गेली होती. ते जाऊ द्या. ही गोष्ट मात्र अगदी खरी.

भुरभुर पावसात सूर्यभान चिखलात घसरला अन् त्याच्या टोपलीतला मरळ उडाला तो थेट काठावर वही घेऊन बसलेल्या पंकजाच्या मांडीवर.

"मासे धरता का फेकता?"

"फेकला न्हाई, मास्तरीणबाई. त्यानंच तुमाला पसंत केलं."

"गप. नाव सांगा."

"माशाचं?"

पंकजानं ओठ चावून हसू दाबलं. गावात कोणी किती मासे धरले, केवढे, गाभोळीचे, म्हणजे पोटात अंडी असलेले, का — ग्रामसभेची ही वही तिच्याकडे होती. वर्षभराची खरी नोंद दाखवली तर पाणी राखायचा हक्क गावाकडे राहणार. नाहीतर बाहेरचा ठेकेदार पिल्लंसुद्धा उपसणार. तोच मासा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून ती शेपटीला बारीक खाच पाडायची.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान हजर.

"आजबी मरळ? लांबी तीच?"

"भाऊ असंल त्याचा…"

त्याचे कान लाल. पंकजानं शेपटी पाहिली — क्षणभर थांबली — अन् मान खाली घालून दुसरी खाच पाडली.

असे पाच दिवस. रात्री सूर्यभानच्या घरच्या रांजणात मरळ मजेत. मोठा चिवट जीव. आमचा एक तर वरातीला चालत आला होता!

पाचव्या दिवशी पंकजानं वही मिटली.

"उद्या सभेत ही वाचणार. तू सांगशील, का मी सांगू?"

"कळलं हुतं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग… बोलली का न्हाईस?"

"ते उद्या. सगळ्यांसमोर."

सभेत सूर्यभान उठला. "चार नोंदी खोट्या हायेत. मासा एकच. जाळ्यात काय गावत नव्हतं, अन् मला तर… रोज यायचं हुतं."

पंकजाही उठली. "मला खाच दिसली होती. तरी लिहिलं. मलाबी तो रोज यायला हवा होता."

म्हाताऱ्या बनुबाईनं तोंडाला पदर लावला. "लेकरांनो, पाणी घालवलं असतं की रं!"

"न्हाई घालवणार," पंकजा म्हणाली. लाल पेनानं चारही नोंदी खोडल्या, खाली कारण लिहिलं, दोघांनी सही केली. मग ती सूर्यभानवर उखडली, "अरे येड्या, काही न गावलेला दिवसच तर वहीत पाहिजे! मासे घटले हे कळणार कसं?"

मरळ दोघांनी पाण्यात सोडला.

"उद्या येऊ?"

"रिकाम्या हातानं ये."

तो आला. दोन्ही हात रिकामे. पंकजानं त्यातला एक हातात धरून ठेवला, अन् दुसऱ्या हातानं वहीत स्वच्छ, गोल शून्य काढलं.