नववा नियम

कमलिनीकाकूंच्या शोकसभेत काकू स्वतःच घोरायला लागल्या, आणि त्यातून सुरुचीची नि अच्युतची ओळख झाली.

झालं असं, की शाहपुऱ्यातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे दोन मिनिटं उभे होते. पंखेसुद्धा बंद. काकूंचा हार घातलेला फोटो, उदबत्तीची सरळ रेघ, आणि एकदम लाउडस्पीकरच्या खोक्यातून — घुर्रर्र... घुर... घुर्रर्र... घुर...

काकूंचे यजमान शंकरकाका थरथरले. "अश्शीच," ते फोटोकडे बघत म्हणाले, "बेचाळीस वर्षं... अश्शीच घोरायची."

पहिल्या रांगेत हुंदका फुटला. एका बाईंनी घाबरून विझलेली नसताना उदबत्ती परत लावली.

सुरुची तेवढी फोटोकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर, शेजारच्या आपल्याच घराच्या गच्चीकडे बघत होती आणि कानापर्यंत लाल झाली होती. मग तिचं लक्ष अ‍ॅम्प्लिफायरपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं. त्यानं रुमाल तोंडात कोंबला होता, डोळे मिटले होते, आणि एक बोट मांडीवर ठेका धरत होतं. दा-दी-दा-दी... दा-दा-दी-दा...

त्यानं डोळे उघडले. सरळ तिच्याकडे बघितलं.

सभा संपल्यावर तो चहाचे दोन कप घेऊन आला. "तो घोरणारा तुमच्याकडे राहतो वाटतं?"

"माझे बाबा आहेत ते. आणि ते घोरत नव्हते."

"ठाऊक आहे मॅडम. मोर्समध्ये विचारत होते — आहे का कुणी?" त्यानं हळूच फोटोकडे नजर टाकली. "पण चुकीच्या सभेत विचारलं यार. कोणी 'हो' म्हटलं असतं तर?"

सुरुचीला रागवायचं होतं. पण चहा नाकात गेला... हार घातलेल्या फोटोसमोर, सगळ्या शाहपुऱ्यादेखत.

*

सुरुचीचे बाबा केशवराव कारखान्यातून टेक्निशियन म्हणून रिटायर झालेले. चाळीस वर्षांचे हॅम. म्हणजे सरकारी परवाना घेऊन घरच्या रेडिओवरून देशभरातल्या अनोळखी लोकांशी हौसेनं बोलणारे. गच्चीवरच्या खोलीत त्यांचा सेट, आणि खोलीपासून हॉलच्या छपरापर्यंत ताणलेली तार. त्यांनी कळ दाबली की मोर्सच्या लांब 'दा' नि आखूड 'दी'च्या ठोक्यांत तारेतून संदेश केरळपर्यंत जायचा आणि वाटेत मंडळाच्या लाउडस्पीकरमध्ये घोरून जायचा.

अच्युत ग्वाल्हेरचा, राहायला मिसरोदला. जवाहर चौकात त्याचं अ‍ॅम्प्लिफायर आणि कानाची मशीनं दुरुस्त करायचं दुकान होतं. कॉलेजात त्यानंही परवाना काढलेला, मग धूळ खात पडलेला. दुसऱ्या दिवशी तो हॉलच्या वायरींवर लोखंडी भुकटीची काळी कडी चढवायला आला. त्या कड्यांनी घोरणं थांबलं. मग "एकदा मूळ जागाही बघून घेतो" म्हणून तो वर सेटपाशी आला... आणि मग रोजच कुठल्यातरी तारेत काहीतरी बघायचं राहून जायला लागलं.

हसण्यासारखं एवढंच. बाकी घर शांत होतं, ते वेगळ्या कारणानं. केशवरावांच्या कानामागे गाठ होती. डावा कान गेला होता, उजवा चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, "दिवाळी बघतील. होळीचं मी काही बोलत नाही."

केशवरावांना होळी नको होती. त्यांना सप्टेंबरातला विंध्य चषक हवा होता. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, जास्तीत जास्त हॅमना मोर्सवर गाठायचं. प्रत्येक संपर्क समोरच्याच्या कॉलसाइनसकट, म्हणजे परवान्यावरच्या सांकेतिक नावासकट, लॉगमध्ये नोंदवायचा आणि दिवसभराचं रेकॉर्डिंग सोबत पाठवायचं. 'एकटा ऑपरेटर' या गटात केशवराव अकरा वेळा दुसरे आले होते. पहिले एकदाही नाही.

आणि चषकाचे लॉग तपासायचं काम गेली सहा वर्षं सुरुचीकडे होतं.

"बापाची परीक्षा, पोरगी मास्तरीण," अच्युत म्हणाला. "सेटिंग झाली की!"

"बाबांचे दोनदा मीच गुण कापलेत. विचार त्यांना." ती 'विचारा' म्हणायला विसरली होती. तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या लगेच.

चषकाचा नववा नियम तिचाच. संदेश ओळखायचं काम माणसानंच करायचं, मशीननं नाही. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन चालू असताना त्यांच्या कॉम्प्युटरनं घरी बसून एकशेबारा संपर्क केले. त्यातले एकोणीस दुसऱ्या एका कॉम्प्युटरशी, ज्याचा मालक तेव्हा साखरपुड्यात होता. स्वतःच्याच. दोन्ही मशीनांनी एकमेकांना नमस्कार केला, हवामान सांगितलं आणि आपली प्रकृती उत्तम असल्याचं कळवलं. सुरुचीनं दोघांना बाद केलं. एकाच्या बायकोनं आणि दुसऱ्याच्या होणाऱ्या सासूनं तिला फोन केले. तरीही तिनं बाद केलं.

आता बाबांना ऐकू येत नव्हतं, आणि नियम तिचा होता.

अच्युतनं आधी लॅपटॉप आणला. समोरून मोर्स आला की पडद्यावर मोठ्ठी अक्षरं उमटायची. केशवराव लहान मुलासारखे बघत राहिले. सुरुचीनं दारातूनच सांगितलं, "बंद कर."

"अगं पण काका ऐकू शकत नाहीत!"

"मशीन ओळखतंय. बाबा नाही ओळखत. हे चालू ठेवायचं तर बाबांची गरज काय आहे इथे?"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. केशवरावांना अर्थातच ऐकू गेलं नव्हतं. ते अजून पडद्याकडे बघून हसत होते. तेच जास्त वाईट होतं.

अच्युत चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो जुन्या घड्याळाचा पट्टा घेऊन. डबीच्या जागी मोबाइलमधली थरथरणारी मोटर.

"ही काही ओळखत नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ढ आहे एकदम. आवाज आला की थरथरते, थांबला की थांबते. अक्षर काकांच्या डोक्यातच बनणार. बघ तुझ्या नियमात बसतं का."

"आधी मी तपासणार."

त्यानं तिच्या मनगटावर पट्टा बांधला. बक्कल लावायला खरं तर एवढा वेळ लागत नाही. मग तो आतल्या खोलीत गेला, आणि तिच्या नाडीवर हलकेच कुणीतरी बोलायला लागलं...

"च... हा," तिनं ओरडून वाचलं. "चहा! साखर किती?"

मनगट परत थरथरलं. या वेळी जरा अडखळत. उ... द्या... ही... ये... ऊ?

तिनं पट्ट्यावर दुसरा हात ठेवला. मग तोंडानंच म्हणाली, "दी-दा-दी."

तो दारात आला. "म्हणजे हो?"

"दी-दा-दी म्हणजे 'मिळालं'. 'हो'ला दा-दी-दा-दी. परवाना चिटिंग करून काढलास का रे?"

"मग 'हो' कधी?"

"आधी चषक होऊ दे," सुरुची म्हणाली, आणि पट्टा सोडायला तिलाही उगाचच वेळ लागला.

*

स्पर्धेच्या दिवशी तपासनिसानं स्पर्धकाच्या खोलीत थांबायचं नाही. सुरुची दिवसभर शंकरकाकांकडे बसून राहिली. काका काकूंच्या घोरण्याबद्दल बोलत होते, ती गच्चीकडे बघत होती. सव्वासहाला ती धावत वर गेली. केशवराव खुर्चीत नेहमीपेक्षा लहान दिसत होते. बाजूला उभा अच्युत पांढराफटक.

"एकशेत्र्याहत्तर!" केशवराव ओरडले. आताशा ते ओरडूनच बोलायचे. "चहा टाक!"

लॉग त्यांनी स्वतःच एका बोटानं टाइप करून पाठवला. खूप वेळ टाइप करत होते.

स्पर्धेनंतर नवव्या दिवशी सकाळी ते गेले. डॉक्टरांनी दिवाळी म्हटलं होतं. आयुष्यभर वेळ पाळणाऱ्या माणसानं तेवढी एक तारीख पाळली नाही.

सगळं अच्युतनं केलं. रिक्षा, भटजी, बर्फ, दाखला. दाखल्यावर 'केशव'चं 'केशर' झालं तर ते दुरुस्त करायला तीन चकरा. दिवसभर तो इथेच असायचा, पण सुरुचीच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. तिला वाटलं, दुःखामुळे.

बाबा गेल्यावर सहाव्या दिवशी तिनं लॉग तपासायला घेतले. रडण्यापेक्षा ते सोपं होतं. बाबांचा तिनं शेवटी ठेवला. एकशेत्र्याहत्तर संपर्क. पहिला नंबर... बारा गुणांनी, पण पहिला. तिनं रेकॉर्डिंग लावलं. बाबांचा हात तिला पाळण्यातून ओळखीचा होता. शेवटचा 'दा' ते नेहमी लांबवायचे, निघताना दारात रेंगाळावं तसा.

पाच वाजून दहा मिनिटांनी 'दा' आखूड झाला.

चौदा संपर्क. सगळ्यांचा शेवटचा 'दा' आखूड.

तिनं ते सात वेळा ऐकलं. हात दुसऱ्याचा असेल तर चौदा संपर्क कापून भागत नाही, सगळा लॉगच 'एकटा'मधून जातो. आणि तो हात तिनं मनगटावर ऐकला होता. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. निकालाच्या तक्त्यात बाबांच्या नावापुढची जागा रिकामी ठेवली.

*

केशवरावांची शोकसभा त्याच हॉलमध्ये. अ‍ॅम्प्लिफायरपाशी अच्युतच. चषक भरवणाऱ्या हॅम क्लबचे सेक्रेटरी जितेंद्र चषकच घेऊन आले होते. त्यांनी आकडे बघून निकाल परस्पर ठरवला होता आणि नावही कोरून आणलं होतं. "शोकसभेतच देऊ या," ते डोळे पुसत म्हणाले. "काय वातावरण होईल!"

सुरुची अच्युतसमोर जाऊन उभी राहिली. "शेवटचा तास कोणाचा हात?"

त्यानं वायर खाली ठेवली. "माझा."

"का?"

"काका झोपले ग. हात सुन्न पडलेला. आणि केरळातला एक म्हातारा त्यांना हाका मारत होता... कॉलसाइन घेऊन, परत परत. मला ऐकवेना. त्याला उत्तर दिलं. मग दुसरा आला..." तो थांबला. "सहाला उठल्यावर मी त्यांना लिहून दाखवलं. ते म्हणाले, गाढवा. मग तू वर आलीस."

"आणि मला? मला पंधरा दिवस सांगावंसं वाटलं नाही?"

"काकांनी लिहिलंय ना. मला वाटलं तू वाचलंस. रोज वाट बघत होतो, आज ओरडशील, आज हाकलशील... तू वाचलंच नाहीस?"

लॉगच्या तळाशी शेऱ्याचा रकाना असतो. तो कुणीच वाचत नाही. त्यात लोक वीज कशी गेली आणि बायको कशी ओरडली एवढंच लिहितात. सुरुचीनं मोबाइलवर लॉग उघडला. तळाशी गेली.

'शेवटचा तास हात मेला. १४ संपर्क अच्युतने केले. मी सांगितले नव्हते, त्याने उठल्यावर कबूल केले. लॉग एकटा गटात धरू नये. तपासणी लॉग धरावा, म्हणजे समोरच्यांचे गुण जाणार नाहीत. तपासनिसाने हे वाचले नाही तरी तिला हातावरून कळेलच. पोराचा हात बरा आहे. शेवटचा दा आखूड. मला आता शिकवायला वेळ नाही. सुरुचीने शिकवावे.'

तिनं दोनदा वाचलं. "जा तू," ती म्हणाली. "आत्ता समोर नको थांबूस."

तो गेला.

जितेंद्रांनी माइक घेतला. "बारा वर्षांच्या तपश्चर्येनंतर, कैलासवासी केशवराव..." सुरुचीनं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

"बाबा पहिले आलेले नाहीत," ती म्हणाली. "लॉगमध्ये दुसरा हात आहे. तो तपासणी लॉग धरला आहे. बाबांनी ज्यांना ज्यांना उत्तर दिलं त्यांचे गुण त्यांना मिळतील. बाबांना काही नाही."

हॉलमध्ये एकदम कल्ला झाला. "पोरीनं शोकसभेत बापाला बाद केलं!" "अरे, निदान तेरावं तरी होऊ द्यायचं!" जितेंद्र चषक छातीशी धरून विचारत होते, कोरलेलं नाव परत घासून निघतं का. शेवटी शंकरकाका काठी आपटून ओरडले, "दोन मिनिटं गप्प उभे राहा रे! त्यासाठीच आलोय ना?"

सगळे उभे राहिले. पंखे बंद झाले. बाबांचा फोटो, उदबत्तीची सरळ रेघ. सुरुचीच्या एका हातात अजून माइक होता, दुसऱ्यात लॉग उघडलेला मोबाइल. तिच्या मनात एवढंच आलं, की आता या घरातून 'आहे का कुणी' असं कुणी विचारणार नाही.

आणि लाउडस्पीकर घोरला.

"केशव...!" कुणीतरी किंचाळलं.

"हॅ," शंकरकाका म्हणाले. "केशव नाही हा. नवीन दिसतोय."

सुरुचीनं वायरींकडे बघितलं. त्यांच्यावरची काळी कडी कुणीतरी काढली होती. आधी त्यानं स्वतःचा कॉलसाइन दिला, अगदी नियमाप्रमाणे. मग अडखळत, शेवटचा 'दा' मुद्दाम लांबवायचा प्रयत्न करत, आणि दर वेळी चुकत...

उ... द्या... ही... ये... ऊ?

डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. शंभर माणसं मान खाली घालून उभी होती. तिनं माइक तोंडाशी नेला. गच्चीवरच्या खोलीची खिडकी उघडीच होती, तिथे ऐकू जाणार हे तिला माहीत होतं.

"दी-दा-दी," ती म्हणाली.

जितेंद्रांनी दचकून वर बघितलं. दोन मिनिटं संपायला अजून थोडा वेळ होता. सुरुचीनं बाबांच्या फोटोकडे बघून एक लांब श्वास घेतला.

"दा... दी... दा... दी."