थांबचिठ्ठी

जिंबोचोतली आमची जुन्या पुस्तकांची दुकानं उत्तरेकडे तोंड करून आहेत, कारण उन्हानं पुस्तकांच्या पाठी फिक्या पडतात. माझं दुकान नकाशांचं आणि प्रवासवर्णनांचं. दर मंगळवारी मी आमच्या संघाच्या लिलावात पाकिटं फोडायला बसतो. तीस वर्षं हे काम केलंय, आणि हिशेबात न बसणारी गोष्ट मला खपत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लिलाव मुक्यानं चालतो. टेबलांवर सुतळीनं बांधलेले गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला एक पाकीट. माल चाळायचा, चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि आकडा लिहायचा, चिठ्ठी पाकिटात टाकायची. एका चिठ्ठीवर बोलीचे चार चढते आकडेही लिहिता येतात. जिंकायला पुरेल तो सगळ्यात लहान धरतात. दोघांचे आकडे सारखे पडू नयेत म्हणून जो तो शेवटी थोडे सुटे येन जोडतो. त्याला आम्ही मिशी म्हणतो. आमच्या संघातले सगळ्यात जुने पुस्तकविके ओरिकासासान, त्यांची मिशी कायम तीनशे सत्तरची.

ओरिकासासान फेब्रुवारीत गेले. दहनानंतर आमच्या रिवाजाप्रमाणे चॉपस्टिकनं त्यांची हाडं उचलणाऱ्यांत मी होतो.

सप्टेंबरात एका निवृत्त शिक्षकानं भूगर्भाचे नकाशे विकायला पाठवले. पाकीट फोडलं तर वरचीच चिठ्ठी ओरिकासासानांच्या अक्षरातली. आकडा सगळ्यांत मोठा, शेवटी तीनशे सत्तर.

"म्हाताऱ्याला मेल्यावरही धंदा सोडवेना," शेजारी बसलेला तोमोनो म्हणाला.

"कोणीतरी चावटपणा केलाय," मी म्हणालो. "बाद कर."

चिठ्ठी बाद झाली, माल दुसऱ्याला गेला. चार दिवसांनी ते शिक्षक फलाटावर कोसळून गेले. मी मनावर घेतलं नाही. माणसं मरतात म्हणूनच आमच्याकडे माल येतो. फक्त हा माल मालक जिवंत असताना आला होता.

ऑक्टोबरात एका न्हाव्यानं गो खेळावरची पुस्तकं काढली. वय पन्नास, तब्येत दणकट, नवी खुर्ची घ्यायला पैसे हवे होते. पुन्हा ती चिठ्ठी, पुन्हा बाद. न्हावी आठवडाही जगला नाही. तोमोनोनं त्यावर विनोद केला नाही. मी मात्र त्या दिवसापासून सगळ्यांची अक्षरं ताडून पाहायला लागलो. एकाचंही जुळलं नाही.

नोव्हेंबरात माझी मुलगी चिनात्सु इथल्या इस्पितळात दाखल झाली. पंधरा वर्षं ती नोकरीसाठी साप्पोरोत होती. हृदयाची शस्त्रक्रिया शुक्रवारी सकाळी ठरली होती. डॉक्टर बोलताना सारखे चष्मा पुसत होते, त्यावरून मी काय ते समजलो.

"बाबा, माझी पुस्तकं लिलावात टाका," ती म्हणाली.

"बरी हो आधी. मग बघू."

"मागाहून तुमच्यावर माझ्या पुस्तकांना किंमत लावायची पाळी नको यायला. घरची पुस्तकं तुम्ही कधी विकायला काढत नाही, ठाऊक आहे मला. संघाची पावती आणून दाखवा. थापा नकोत."

पुस्तकविक्याची मुलगी, तिला काय फसवणार? त्या दोन चिठ्ठ्यांबद्दल तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

तिची पुस्तकं म्हणजे डोंगरवाटांच्या मार्गदर्शिका आणि रेल्वेची जुनी वेळापत्रकं, एकूण बावीस. बाजारात आठ हजार येन आले तरी खूप. पण आमच्यात विकणाऱ्याला थांबचिठ्ठी टाकता येते. त्याहून वरची बोली आली नाही तर माल घरी परत. मी थांबचिठ्ठीवर एक कोटी येन लिहिले. पावती मिळणार होती आणि पुस्तकंही परत येणार होती. मिशी लावायची गरज वाटली नाही.

मंगळवारी दीड वाजल्यापासून मी त्या गठ्ठ्यासमोर खुर्ची टाकून बसलो. जेवायला उठलो नाही. पाकिटाकडे तिघे आले, तिघांनी एकेक चिठ्ठी टाकली. तिघांचे हात मी नीट पाहिले. माझी धरून चार.

"शिगेहारासान, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखे बसलात की," तोमोनो म्हणाला. मी पाकिटावरची नजर काढली नाही.

तीन वाजता पाकीट टेबलावर उलटं केलं.

पाच चिठ्ठ्या पडल्या.

सात हजार. साडेसहा हजार. आठ हजार दोनशे. मग माझी एक कोटीची.

पाचवी तोमोनोनं उचलली आणि न वाचता माझ्या हातात दिली.

चार आकडे होते. सगळ्यात लहान, एक कोटी तीनशे सत्तर.

वरचे तीन मी वाचले नाहीत.

"बाद," मी म्हणालो. तोमोनोनं मान डोलावली, पण बाद करायची लाल पेन्सिल त्यानं हातात घेतली नाही. गेल्या दोन्ही वेळा बाद करून काय झालं ते त्याला माहीत होतं, मलाही.

मी गठ्ठा उचलला आणि तडक इस्पितळ गाठलं. भेटीची वेळ संपत आली होती. चिनात्सु उशीला टेकून बसली होती, गाल जरा तजेलदार दिसत होते. गठ्ठा मी तिच्या पायाशी ठेवला.

"परत का आणलात?"

"गिऱ्हाईक मिळालं नाही."

"काहीतरीच काय बाबा? ते स्वतः येऊन गेले की मघाशी. तुमच्या संघातले ते म्हातारे. भाव चांगला दिला म्हणाले."

मी तिच्या पलंगाशी खुर्ची ओढली. "आणखी काय म्हणाले?"

"विशेष काही नाही. घाई नाही म्हणाले. शुक्रवारी सकाळी येऊन घेऊन जातील."

मी तिचा हात धरला. तो ऊबदार होता. मला रडू फुटलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे वळलो.

मागे तिनं गठ्ठ्याची सुतळी बोटानं ओढून पाहिली.

"सैल झालीये, बाबा," ती म्हणाली. "नीट बांधून ठेवा."