कानांवरचे हात

दुपारी धाकटी फक्त रक्ताचा रिपोर्ट आणायला गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत, कातडीखाली एक छोटं यंत्र बसायचं होतं. ठोका भरकटला की झटका देऊन त्याला ताळ्यावर आणणारं.

दुखणं घराण्यातलंच. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या खालच्या कप्प्यांना सावरायला जरा जास्तच वेळ लागायचा, आणि तेवढ्यात कशाने दचकायला झालं की ठोके पीळ पडल्यासारखे पार भरकटायचे. थोरली बहीण त्यातच गेली. सकाळी गजर वाजला, आणि ती उठलीच नाही. तेव्हापासून धाकटीला रोजची गोळी लागली. रक्तातलं पोटॅशियम घसरू द्यायचं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय साध्या सर्दीचंही औषध घ्यायचं नाही. दाराची बेलसुद्धा काढून टाकली. "आमच्याकडे चोरही हाक मारून येतो," नवरा म्हणायचा.

रिपोर्ट घेऊन उतरताना वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मोबाइलला रेंज नव्हती. तिने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. काळोखात बॅटरीवर चालणारं धोक्याच्या घंटेचं लाल बटण तेवढं लुकलुकत होतं. ते दाबलं तर डोक्यावरच घंटा कोकलणार! इकडे आड, तिकडे विहीर. हवा कोंदट होत चालली. छातीत एक ठोका चुकला… मग लागोपाठ दोन. आता मात्र ती पुरती घाबरली.

"ताई गं…" तिच्या तोंडून निघालं.

लहानपणी ढग गडगडले की थोरली मागून येऊन तिचे कान गच्च झाकायची. "मी सांगेपर्यंत हलायचं नाही हं," असं बजावायची. तिच्या हातांना निलगिरीच्या तेलाचा वास असायचा.

धाकटीने जीव मुठीत धरून बटण दाबलं.

आवाज आलाच नाही. कानांवर मागून दोन गार तळवे येऊन बसले होते. लिफ्टभर निलगिरीचा वास होता.

दार उचकटलं तेव्हा वॉचमन दोन्ही कानांत बोटं घालून उभा होता. घंटा अजून वाजत असावी. तो काहीतरी ओरडत होता. तिला त्याचे ओठ तेवढे हलताना दिसले.

यंत्र बसलं. ठोके ताळ्यावर आहेत. कानांत काहीच दोष नाही, असं डॉक्टर कागदावर लिहून दाखवतात. नवराही आता लिहूनच बोलतो.

एकटी असली की ती विनवते, "ताई, यंत्र आहे ना आता माझ्याकडे… सोड ना गं…"

थोरली काही सांगत नाही. तळवे ढिले पडत नाहीत. परवापासून त्यांची बोटं हळूहळू डोळ्यांकडे सरकायला लागली आहेत.