हितसंबंधाचा रकाना

"मॅडम, तुमचं वजनही भंगारात धरायचं का?"

मी दचकून मागे पाहिलं. ट्रकचं वजन करायच्या काट्यावर, ट्रकलाच टेकून, मी खुशाल वहीत काहीबाही लिहीत उभी होते. काटेवाल्याच्या खोलीच्या दारात काळवंडलेल्या बाह्या वर सारून एकजण हसू दाबत होता.

"धरा की," मी म्हटलं, "पण मी एवढ्यात वितळत नाही हं."

"बघू..." तो म्हणाला, आणि मीच आधी नजर वळवली.

तो त्या अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीचा इंजिनिअर. वडिलांनी उभारलेली भट्टी आता तोच बघायचा. आणि माझं काम म्हणजे वस्तूंच्या जन्मकुंडल्या मांडणं. एखादी वस्तू खाणीतून निघाल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत तिच्यापायी किती वीज-पाणी लागतं, किती धूर होतो, याचा आकडा मी काढते. ताई म्हणते, "आधी स्वतःच्या खोलीतल्या धुळीचा काढ!"

एक बस बनवणारी कंपनी त्याच्याकडून सीटचे सांगाडे घेणार होती, पण मी काढलेला धुराचा आकडा मर्यादेत असेल तरच. ही ऑर्डर गेली तर भट्टी निम्मे दिवस बंद ठेवावी लागेल, हे त्याने मला कधी सांगितलं नाही. त्याच्या वडिलांनी सांगितलं.

महिनाभर मी जात राहिले. खरं तर निम्मी माहिती फोनवर मिळाली असती! पण तिथे माझ्यासाठी एक हेल्मेट वेगळं काढून ठेवलेलं असायचं, पट्टा माझ्या मापाचा करून. ते हातात देताना तो दुसरीकडेच बघायचा.

एकदा भंगारातली खिडकीची जुनी चौकट उचलून मी म्हटलं, "हिच्या पहिल्या जन्मात किती धूर झालाय, माहितीये?"

"ते आधीच्या घरचं. माझ्या दारात ती कोरी पाटी घेऊन येते."

"सगळ्यांनाच कोरी पाटी देता वाटतं?"

"कोण येतंय त्यावर—" तो अडखळला. "तुमच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"शुद्धलेखनाच्या चुका."

तो मोठ्याने हसला. मला मात्र ती चौकट डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी कपाटातून गेल्या वर्षीचा एक अहवाल काढून पाहिला. त्या खिडक्या बनवणाऱ्या कंपनीचा अहवाल मीच केला होता. त्यांच्या जुन्या चौकटी पुढे वितळवल्या जातात, तेवढं नवं अ‍ॅल्युमिनियम बनवावं लागत नाही, म्हणून तो वाचलेला धूर मी त्यांच्या आकड्यातून वजा केला होता. आता त्याच चौकटी भट्टीत येत होत्या, आणि भट्टीच्या हिशोबातही मी त्यांच्यावर मागच्या धुराचं ओझं धरलं नव्हतं. धूर वाचला एकदा, श्रेय मात्र मी दोघांनाही पूर्ण दिलं. बसवाले तर त्या कंपनीच्या खिडक्याही घेणार होते आणि सांगाडेही, म्हणजे त्यांच्या एकाच बसमध्ये ते श्रेय दोनदा मोजलं जाणार.

दोघांना एकच नियम लावायला हवा होता. श्रेय भंगार देणाऱ्या खिडकीवाल्यांना, की ते वापरणाऱ्या भट्टीला, की अर्धं-अर्धं? तिन्ही नियम चालतात, फक्त निवडताना कारण द्यावं लागतं. वापरणाऱ्याला दिलं तर त्याची ऑर्डर पक्की. देणाऱ्याला दिलं तर ती हातची गेली.

वापरणाऱ्याच्या बाजूने मी पाऊण तासात सात कारणं लिहून काढली. देणाऱ्याच्या बाजूने एक सुचेल तर शपथ! पेन खाली ठेवलं तेव्हा मला कळलं... मी त्याच्या प्रेमात पडले होते.

आमच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी 'हितसंबंध' असा एक रकाना असतो. सगळे तिथे डोळे मिटून 'नाही' लिहितात. मी लिहिलं, 'भट्टीच्या इंजिनिअरबद्दल मला ओढ वाटते. त्यामुळे नियम मी निवडणं योग्य नाही. खिडक्यांच्या अहवालातली चूकही माझीच.' आणि कागद आमच्या मोठ्या बाईंसमोर ठेवला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "त्याला माहितीये?"

"नाही."

"कळेल आता. या रकान्याची प्रत ज्याचा अहवाल त्याला पाठवायची, हा नियम तूच आणलास ना गं?"

मला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

काम दुसऱ्याकडे गेलं. आकडा शुक्रवारी येणार होता. बुधवारी दुपारी तो ऑफिसात आला, केसांवर पावसाची भुरभुर, हातात घडी केलेली प्रत.

"आकडा अजून आला नाही," मी घाईने म्हटलं. "ऑर्डर गेली तर माझ्यामुळे जाईल. एक नियम असा होता की—"

"बाबांनी समजावलं मला. दोनदा. ओरडून."

"तुम्ही... रागावलात?"

"काल रागावलो होतो." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभाच राहिला. "मग म्हटलं, शुक्रवारी गेलो आणि आकडा चांगला निघाला, तर तुला वाटेल ऑर्डर मिळाली म्हणून आला. वाईट निघाला, तर वाटेल कीव आली म्हणून आला. म्हणून आजच आलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने प्रत उलगडली, माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि माझ्या पहिल्या ओळीखाली लिहिलं, 'इंजिनिअरलाही.'

"एवढंच?" मी नाक ओढत म्हटलं.

"तू तरी काय लिहिलंस? ओढ! दुसरा शब्द नव्हता?"

"ऑफिसचा कागद आहे तो..."

"मग तोंडी सांग."

पलीकडच्या टेबलांवरची कीबोर्डची टकटक एकदम थांबली होती. बाईंच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तरी मी सांगितलं.