गिडिअनशी कुणी भांडायचं?

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसूही नये. एकतीस वर्षं मी या ज्यू विद्यार्थ्यांच्या घरात दर शुक्रवारी सूप करतोय आणि त्याआधी डेट्रॉइटमध्ये टॅक्सी चालवायचो. या दोन्ही धंद्यांत खरं बोलून माणूस फार पुढं जात नाही. पण ही गोष्ट खरी आहे. इतकी खरी, की तिच्यातली दोन्ही माणसं याच टेबलाशी बसलीत — तिर्झा त्या टोकाला, गिडिअन या टोकाला, मध्ये अठरा माणसं आणि सूपाचं पातेलं. नावं बदलणार होतो. पण या वयात नवी नावं लक्षात राहत नाहीत.

"रेब मेंडल, नको ना," तिर्झा म्हणाली.

"तू जेव. सूपातले गोळे गार झाले की दगड होतात," मी म्हणालो आणि सुरुवात केली.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. बर्फ असा पडला होता, की रब्बींना आपली गाडी शोधायला टपावर झेंडा लावावा लागला. मंगळवारी संध्याकाळी इथं जोडीजोडीनं धर्मशास्त्राची पोथी वाचायला बसतात, पण त्या दिवशी बारा जणांपैकी एकटी तिर्झा येऊन पोचली होती. लाल टोपी, नाकही तसंच लाल. इतक्यात दार उघडलं आणि बूट झटकत हे साहेब आत आले.

"फक्त तूच?"

"निराश झालास?"

"नाही... म्हणजे, माझी जोडी रूबेनशी होती."

"रूबेन बर्फात अडकलाय. त्याला आधी बाहेर काढायचं, की वाचायला बसायचं?"

गिडिअननं खिडकीबाहेर पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. "वाचू," तो म्हणाला. "रूबेनला वसंतात काढू."

झालं. खड्ड्यात पडलेल्या बैलाची भरपाई कुणी द्यायची, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा खटला, आणि ही दोघं अशी तुटून पडली जणू बैल आत्ताच पडलाय. जोडीनं वाचण्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. समोरच्याचं म्हणणं खोडून काढायचं, पण त्याआधी ते त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं. तिर्झा त्याचं म्हणणं इतकं सुरेख मांडायची, की तो ऐकता ऐकता खूश व्हायचा, आणि मग ती ते फाडून टाकायची.

दर मंगळवारी हेच. खिडक्यांवर वाफ धरायची. हिवाळाभर मंगळवारी मी हीटर लावला नाही. शेवटी गॅस कंपनीचा माणूस आला, म्हणाला, मीटर बिघडलाय का बघतो.

"हे काहीतरीच!" मधून कुणीतरी म्हणालं.

माणसाचं नाव सांगू? लॅरी. मी त्याला सूप पाजलं.

मग फेब्रुवारीत तो ठराव आला. इस्रायलला शस्त्रं पुरवणाऱ्या कंपन्यांमधून विद्यापीठानं आपला पैसा काढून घ्यावा, असा. या घराचे दोन तुकडे झाले, तुम्हाला वेगळं काय सांगू. जी पोरं एका वाडग्यात चमचे घालायची, ती वाडगे उचलून दोन टोकांना गेली. गिडिअननं ठरावावर सही केली. तिर्झानं विरोधात बोलायला नाव दिलं.

"तू खरंच सही केलीस?" तिनं विचारलं.

"केली. तिकडं पोरं मरताहेत, तिर्झा. माझ्या फीमधला एक डॉलरही त्यात नको मला."

"आणि माझी आत्या तिकडं इस्रायलमध्ये, अश्दोदला, जिन्याखाली झोपते. हल्ल्याचा भोंगा वाजला की मला फोन लावते, बोलत काहीच नाही, नुसती श्वास घेते. तुमच्या ठरावात ती कुठंय?"

"ती... नाहीये. असायला हवी होती."

"आणि तुझी ती पोरं माझ्या भाषणात नाहीत," तिर्झा हळूच म्हणाली. "हेही मला कळतं. म्हणून गप्प बसू?"

"तू? गप्प?"

ती हसली. डोळे भरलेले, तरी हसली. निघताना त्यानं तिचा कोट धरला तो उलटा, खिसे वर. आणि तिनं तो तसाच घातला. तुम्हाला वाटेल ठरावानं यांचं बिनसलं. छे! ठरावावर ही दोघं अजून चाळीस वर्षं सुखानं भांडली असती.

बिनसलं शिफ्रामुळं.

शिफ्रा आज आईकडे क्लीव्हलंडला गेलीय, म्हणून मोकळेपणानं बोलतो. पोरगी हुशार. गुडघ्यापर्यंत हिरवे बूट, आणि हसायची अशी की कपबशा वाजायच्या. ठरावाच्या बाजूची भाषणं तिनं गिडिअनबरोबर बसून लिहायची, असं ठरलं. आणि तिला रिकामा वार कुठला? मंगळवार.

"दोनच आठवडे," गिडिअन तिर्झाला म्हणाला. "तिला दुसरा वेळच नाही. तुला... चालेल ना?"

"मला काय होतंय? खुशाल जा."

असं 'खुशाल' मी टॅक्सीत फार ऐकलंय. त्यानंतर दार आपटतं.

पण ही पोरगी घरी गेली नाही. मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात आली, म्हणाली, "बटाटे सोलू लागते." वाढायच्या खिडकीतून समोरची खोली दिसते, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. समोर गिडिअन आणि शिफ्रा, खुर्चीला खुर्ची लावून.

"तिनं त्याचा मफलर नीट केला," तिर्झा म्हणाली.

"वाकडा असेल."

"वाकडाच असतो. तसाच बरा दिसतो." सालं उडत होती. "रेब मेंडल, तुम्ही मीठ ठेवायला जा ना तिकडं. भांडताहेत का बघा."

मी मीठ ठेवून आलो. "नाही. ती काही म्हणते आणि तो म्हणतो, हो, बरोबर."

सुरी थांबली. "हो म्हणतो?"

"तीनदा म्हणाला."

"मला चार महिन्यांत एकदा 'हो' नाही म्हणाला," ती म्हणाली. "एकदाही नाही! मी म्हटलं बाहेर बर्फ आहे, तर म्हणायचा, बर्फ कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. आणि तिला... हो?" हातातल्या बटाट्याचा वाटाणा झाला होता. त्या शुक्रवारी तुम्ही विचारलंत, सूपात हे काय तरंगतंय. ते हे.

मी म्हटलं, "अगं, जिच्याशी माणूस भांडत नाही, तिचं त्याला—"

"तिची बाजू घेऊ नका!"

घेतली नव्हती. पण मत्सर झालेल्या माणसासमोर गाजरसुद्धा कुणाची तरी बाजू घेतं.

मग तो चर्चेचा दिवस उजाडला. मोठं सभागृह, चारशे माणसं, दोन्हीकडं फलक. प्रत्येकाला दोन मिनिटं, संपली की घंटा. आधी तिर्झा उठली. समोर पहिल्या रांगेत गिडिअन, शेजारी शिफ्रा, तिचा हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर. तिर्झानं तो हात पाहिला आणि लिहून आणलेला कागद तिच्या हातातच राहिला. आता मंगळवारची सवय काय करते बघा. तिनं सुरुवात केली ती गिडिअनच्या म्हणण्यानं. ती पोरं, तो डॉलर, आपल्या नावावर काय होऊ द्यायचं आणि काय नाही... त्याला आयुष्यात जमलं नसतं असं मांडलं तिनं. त्याच्या बाजूची माणसं टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवून दाद द्यायला लागली. एक जण रडला. "आणि तरीही—" ती म्हणाली, आणि घंटा झाली.

तिच्या बाजूच्यांचे चेहरे मी सांगत नाही. त्यातले सात इथं बसलेत.

मग गिडिअन उठला. तुम्हाला वाटेल, शहाणा होईल. तो बोलला आत्याबद्दल. जिन्याखालच्या गादीबद्दल, फोनवरच्या त्या श्वासाबद्दल, एकटं पडण्याच्या भीतीबद्दल. पूर्ण दोन मिनिटं, तिर्झाकडे बघत. "यावर माझं उत्तर असं, की—" घंटा.

अध्यक्षांनी तीनदा विचारलं, कोण कुठल्या बाजूचं आहे. निकाल काय लागला तो तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातले अर्धे अजून अर्ध्यांशी बोलत नाहीत, आणि माझं सूप त्यात कुणाला मत देत नाही.

तिर्झा धावत बाहेर आली. पाऊस लागला होता, गार, बारीक. तिला गिडिअनला काहीतरी सांगायचं होतं — काय, ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की पोस्टमननं वाचलं असतं. आणि पायऱ्यांवर बघते तर काय? गिडिअन आणि शिफ्रा भर पावसात उभे. शिफ्रा ओरडतेय, "तू आहेस तरी कुणाच्या बाजूचा?" आणि गिडिअन हात नाचवत, ओला चिंब, तिच्याहून मोठ्यानं ओरडतोय.

भांडत होता. शिफ्राशी!

मफलर चालला असता. तीन वेळा 'हो' तेही तिनं गिळलं असतं. पण भांडण? ते तर तिचं होतं! तिर्झा तशीच मागं वळली, टोपी आत विसरून.

त्यानंतर तीन मंगळवार ती आली नाही. याच्याकडं बघत नाही. हाही शहाणा — रोज पोथी उघडून एकटा बसतो आणि दोन्ही बाजू स्वतःच बोलतो, आवाजसुद्धा बदलतो.

आता ऐका, खरी गंमत इथं आहे. फ्रीजवर नव्या जोड्यांची यादी लागलीय. गिडिअननं सोमवारी नाव लिहिलं, शेजारची जागा रिकामी. रविवारी सकाळी रब्बी यादी काढून नेणार. शिफ्रानं निरोप ठेवलाय: कुणी नसलं तर मी बसेन. आणि शब्बाथला लिहायची मनाई, म्हणून आज सूर्य मावळल्यापासून उद्या मावळेपर्यंत इथं कुणी पेनाला हात लावणार नाही. गिडिअनशेजारच्या त्या रिकाम्या जागेत आज दुपारी मात्र कुणीतरी काहीतरी लिहून खोडलंय. गिडिअन, दुपारपासून चारदा पाणी प्यायच्या निमित्तानं फ्रीजपाशी गेलास. वाचता आलं?

गिडिअननं 'नाही' अशी मान हलवली. चमचा खाली ठेवला.

मला आलं, मी म्हणालो. मी कांदा चिरत होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं. तिर्झा आली, अवतीभवती पाहिलं, पेन काढलं आणि गिडिअनच्या शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं — शिफ्रा. म्हणाली, "भांडा म्हणावं एकमेकांशी जन्मभर, माझी काही हरकत—"

"खोटं!"

खुर्ची पडली. तिर्झा उभी होती, रुमाल मुठीत, नोव्हेंबरातल्यासारखी लाल.

"साफ खोटं बोलताय, रेब मेंडल! शिफ्रा नव्हतं लिहिलं मी! तिर्झा लिहिलं होतं! माझं! आणि खोडलं, कारण... कारण हा वाचून नुसता 'हो' म्हणाला असता तर मी काय केलं असतं?"